वेशीवरच्या घड्याळातले सात

सकाळचे सहा वीस झाले होते. वेशीवरच्या घड्याळात साडेसहा. वेशीला लागून असलेल्या खोलीचं शटर अर्धं वर ढकलून ताई उंबऱ्यात उभ्या होत्या आणि फोनवर एका गृहस्थांची समजूत घालत होत्या. ही खोली पूर्वी जकात घेणाऱ्याची होती. तिच्या भिंती इतक्या जाड आहेत की आत फोन लागत नाही, त्यामुळे ताईंचा सगळा धंदा उंबऱ्यावर चालतो.

"किल्ला, तळं, गुहा, धबधबा आणि खिंड," पलीकडून आवाज आला. "एका दिवसात."

"आणि जेवणार कधी?"

"ते बघू हो. गाडीत काहीतरी खाऊ."

"यातली तीन ठिकाणं खोडा."

"पण नकाशात तर सगळं जवळजवळ दिसतंय."

"नकाशात वळणं दिसत नाहीत. आणि नकाशाच्या पोरांना गाडी लागत नाही. कोणती तीन खोडताय?"

गृहस्थ म्हणाले, घरी विचारून सांगतो. ताईंनी फोन ठेवला. घरी विचारून ते सहावं ठिकाण वाढवणार, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या जुन्या तटबंदीच्या गावात राहून आजूबाजूचं काय काय एका दिवसात बघून परत येता येईल, हे आखून देणं हा ताईंचा व्यवसाय आहे. गेली बावीस वर्षं त्या तो करतात. गाडी धाकट्या भावाची, जेवणाचे डबे मागच्या गल्लीतल्या काकूंचे आणि डोकं ताईंचं. त्या सहल शेवटाकडून आखतात. आधी परत किती वाजता यायचंय ते ठरवायचं आणि मग मागे मागे यायचं. दुपारनंतर डोंगरावर ढग बसतात, म्हणून आधी वर, मग खाली. एवढे दोनच नियम. बावीस वर्षांत ते कुणालाही एका दमात पटलेले नाहीत. भिंतीवरचा नकाशा एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी काढून दिलाय. त्यांना निळा रंग आवडायचा, म्हणून त्यात तळं गावापेक्षा मोठं आहे. आलेला प्रत्येक माणूस आधी तळ्यावर बोट ठेवतो. तळ्याला फेरी मारायला वीस मिनिटं पुरतात.

शटर पूर्ण वर केलं तेव्हा ताईंना दगडी कट्ट्याजवळ तीन माणसं दिसली. कोट, मफलर, काठी असा जामानिमा केलेले एक साठीपुढचे गृहस्थ. त्यांच्या पत्नी. आणि पत्नीची थोरली बहीण, जिला ती अक्का म्हणत होती. अक्कांचा एक गुडघा अधू होता आणि त्या सारख्या या पायावरून त्या पायावर भार टाकत होत्या. गावाबाहेरच्या मोठ्या लॉजवरची ही मंडळी. त्यांची आज किल्ल्याची सहल होती.

"तुम्ही फार लवकर आलात," ताई म्हणाल्या.

"लवकर नाही," गृहस्थ म्हणाले. "सव्वासहाला गाडी लागेल असं सांगितलं होतं. आम्ही सहा वाजून तेरा मिनिटांनी आलो." मग त्यांनी काठी वर करून वेशीकडे दाखवलं. "तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"माहीत आहे."

"कळवलंय का कुणाला?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांनाच माहीत असेल तर पुढे ठेवून उपयोग काय?"

 ताईंचा जन्म या गावात गेला, घड्याळाला चावी देणाऱ्याशी लग्न झालं, पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

हे गृहस्थ एका विद्यापीठात परीक्षा नियंत्रक होते. घंटा झाली की पेपर द्यायचा आणि घंटा झाली की काढून घ्यायचा, यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. ताईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव 'घंटा' ठेवलं आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली, कारण अक्का कट्ट्यावर बसल्या होत्या आणि कट्टा बर्फासारखा गार होता. ताईंनी आतली खुर्ची आणि स्वतःची शाल बाहेर आणली.

इथे गावाची एक रीत सांगायला हवी. सहलीला आलेले लोक कधीही वेळेवर येत नाहीत. कुणाचा बूट सापडत नाही, कुणाची मावशी टोपी आणायला परत जाते, कुणाचं पोर ऐन वेळी पोट दुखतंय म्हणतं. म्हणून गाडी सातला सोडायची असली की ताई लॉजला साडेसहा सांगतात. लॉजचा मॅनेजर आपल्या पदरचा पाव तास घालून पाहुण्यांना सव्वासहा सांगतो. भाऊ नेहमी पाव तास उशिरा येतो, म्हणून त्याला पावणेसात सांगायचं. डबेवाल्या काकूंना साडेसहा सांगायचं, कारण त्यांना अर्धा तास लागतो. शिवाय वेशीवरचं घड्याळ आपलं दहा मिनिटं पुढे. जो तो दुसऱ्याच्या उशिरासाठी थोडं थोडं खोटं बोलतो, आणि सगळ्यांची खोटी जमून सातच्या ठोक्याला गाडी सुटते. इतकी वर्षं सुटत आली. यात कधी कुणाचं काही बिघडलं नाही, कारण इतकी वर्षं यात कुणी वेळेवर आलं नव्हतं.

सातला भाऊ जांभई देत गाडी घेऊन आला. पाठोपाठ डबे आले. ताईंच्या दृष्टीने सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. नियंत्रकांच्या दृष्टीने पाऊण तास उशीर झाला होता. दोघांचंही बरोबर होतं, आणि डोकं उठायचं कारण तेच होतं.

पुढेही तसंच. वाटेतल्या तिसऱ्या वळणावर लोक फोटोसाठी हटकून थांबतात, त्याचाही वेळ हिशेबात धरलेला. नियंत्रक थांबले नाहीत. किल्ला उघडायची वेळ पाटीवर आठ लिहिलेली, ते बरोबर आठला दारात पोहोचले आणि दाराला कुलूप होतं. किल्ल्याचा रखवालदार सव्वाआठला किल्ली फिरवत आला आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "काय रे, आज काय पेटलंय का खाली? एवढ्या लवकर कशाला आणलंस लोकांना?"

संध्याकाळी लॉजच्या मॅनेजरचा फोन आला. ताई उंबऱ्यातच होत्या.

"ताई, पाहुण्यांनी तक्रार केलीय. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे. त्याचा जास्त त्रास होतो."

"मी साडेसहा सांगितलं होतं. सव्वासहा कुणी सांगितलं?"



"मी थोडं मार्जिन ठेवतो," मॅनेजर म्हणाला.

"मी पण ठेवते."

"तुम्ही ठेवता हे मला काय माहीत?"

"तुम्ही ठेवता हे मला माहीत होतं. म्हणून तर मी अर्ध्या तासावर थांबले. नाहीतर आधी पाऊण तास ठेवायचे."

मॅनेजर खाकरला. तो सपाटीवरच्या शहरातून आलेला तरुण माणूस, वाईट नव्हता. पण महिनाभरापूर्वी सपाटीवरच्या एका कंपनीने त्याच्याकडे मिनीबसचा प्रस्ताव दिला होता. रंगीत कागद, गणवेशातला चालक, फोनवर दिसणारी गाडी. मालकांना तो आवडला होता. आणखी एक तक्रार आली की पुढच्या महिन्यापासून लॉजच्या सगळ्या सहली त्या कंपनीला, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. ताईंची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं त्या लॉजची. ती गेली की शटर उघडण्यात अर्थ नव्हता.

"ही तक्रार मी वर पाठवलेली नाही," मॅनेजर म्हणाला. "उद्या तेच लोक खिंडीला जाणारेत. सातला गाडी उभी दिसली तर आजचं मी विसरेन. मी स्वतः येतो बघायला. नाही दिसली तर मग माझाही नाइलाज."

थोड्या वेळाने नियंत्रक स्वतः खोलीवर आले. रागात नव्हते. ते म्हणाले, "उद्यासाठी मला एकच वेळ सांगा. खरी."

"सात," ताई म्हणाल्या.

"सात." त्यांनी मान हलवली, वेशीकडे एक नजर टाकली आणि गेले.

मग ताईंनी सगळ्यांना खरी वेळ सांगायला घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. ते किती अवघड काम आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

"उद्या सातला गाडी लावायची," त्यांनी भावाला सांगितलं.

"बरं. म्हणजे सव्वासातला."

"सव्वासातला नाही. सातला."

"म्हणजे तुला सात पाहिजेत, तर मला पावणेसात सांग ना. सात सांगितलंस तर मी सव्वासातला येणार. नेहमीचं आहे ते."

"अरे, या वेळी मी खरं सांगतेय."

"तू दर वेळी हेच म्हणतेस, ताई. मागे त्या शाळेच्या सहलीला शपथ घेतली होतीस. मी पळत आलो आणि अर्धा तास स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलो."

हे खरं होतं. त्या शाळेच्या सहलीला ताईंनी कधी नव्हे ती शपथ खर्ची घातली होती. आता हाताशी काही उरलं नव्हतं.

काकूंकडे त्या स्वतः गेल्या. काकू कणीक मळत होत्या.

"सातला डबे हातात पाहिजेत, काकू."

"मग साडेसहा सांग."

"खरंच सात."

"तुला माझं घड्याळ बिघडवायचंय का? मी साडेसहा ऐकलं की सहाला उठते. सात ऐकलं तर साडेसहाला उठेन. सांगायचं तसं सांग बाई, मला गोंधळात टाकू नको."

ताईंनी साडेसहा सांगितलं. काकूंना हायसं वाटलं.

मधल्या चौकीवर खिंडीच्या रस्त्याचा अडथळा वर करायला एक वनरक्षक असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही खरं बोलायला लागलात म्हणजे काहीतरी गडबड आहे. भाऊ बरा आहे ना?"

रात्री जेवताना ताईंनी नवऱ्यापुढे विषय काढला. ताईंचे यजमान नगरपालिकेत आहेत. वेशीवरच्या घड्याळाला चावी देणं, तेल घालणं, पारवे हाकलणं ही त्यांची कामं. गावात त्यांना घड्याळमामा म्हणतात. ते स्वतः घड्याळ वापरत नाहीत.

"अहो, उद्याच्या दिवस ते घड्याळ बरोबर लावता का?"

"नाही."

"एकच दिवस."

"पूर्वी एक नवीन साहेब आले होते. शिस्तीचे. त्यांनी लावायला लावलं बरोबर. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाची सकाळची बस चुकली. सगळे दहा मिनिटं वजा करूनच निघाले होते, नेहमीसारखे. साहेबांचीही चुकली. दुपारी मला म्हणाले, ठेवा परत पुढे."

"त्या नियंत्रकांनी विचारलं, सगळ्यांनाच माहीत असेल तर उपयोग काय."

मामांनी घास चावून संपवला. "त्यांना म्हणावं, सगळ्यांना माहीत आहे म्हणून तर चालतंय."

"तुम्हाला म्हणायला काय जातंय? लॉज माझं जाणार आहे."

 मामांनी ताट उचललं आणि कधी नव्हे ते स्वतःच धुतलं.

ताईंनी शेवटचा उपाय केला. भावजयीला फोन लावला. भावजय ही त्या घरात एकच व्यक्ती अशी, की जिला मार्जिन लागत नाही.

"उद्या ह्याला पावणेसातला गाडीसकट माझ्या दारात उभा कर. काय करायचं ते कर."

"ताई, एवढंच ना? पाच मिनिटं आधीच पाठवते. पण मग गाडीची सीट कव्हरं या महिन्यात बदलायची. मी केव्हाची सांगतेय, ह्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"बदलायला सांगते."

"मग सहा चाळीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला गाडी वेशीपाशी उभी होती. भावाचे केस ओले होते आणि चेहऱ्यावर सासुरवाडीला नेलेल्या माणसाचे भाव होते. ताई स्वतः काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे डबे सातला पाच कमी असतानाच गाडीत गेले. वनरक्षकाला त्यांनी पहाटेच उठवलं होतं. मामाही आले होते, पारव्यांचं निमित्त करून. मॅनेजर जॅकेटच्या खिशात हात घालून समोरच्या पायऱ्यांवर उभा होता आणि दर दोन मिनिटांनी मनगट बघत होता.

वेशीवरच्या घड्याळाने सातचे ठोके देऊन दहा मिनिटं झाली आणि खरे सात वाजले. गाडीचं दार उघडं होतं. गावाच्या इतिहासात एवढी माणसं एका वेळी वेळेवर जमल्याची नोंद नसावी.

नियंत्रक आले नव्हते.

सात पाच. सात दहा. भाऊ गाडीच्या बॉनेटला टेकून म्हणाला, "शपथ घेतली नव्हतीस ना या वेळी?"

"तोंड मिट."

"मी काही बोलतोय का? मी फक्त उभा आहे. वेळेवर."

मॅनेजरने लॉजला फोन लावला. पलीकडचं ऐकून त्याचा चेहरा बदलला. "ते चहा पितायत," तो म्हणाला.

सात पंचवीसला तिघं आली. नियंत्रकांनी वळणावरून गाडी पाहिली, आणि त्यांची चाल मंदावली. तिच्याजवळ उभी असलेली सगळी माणसं पाहिली, आणि ते पुरते थांबले. चाळीस वर्षांत पेपर कधी एक मिनिट उशिरा न वाटलेला माणूस दगडी चौकात उशिरा उभा होता आणि त्याला हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

"काल सव्वासहा सांगितलं आणि गाडी सातला आली," ते म्हणाले. "म्हणजे पाऊण तास. मी धरलं, आज सात म्हणजे पावणेआठ. वीस मिनिटं आधी येऊन बसू."

"मीच थांबवलं ह्यांना," अक्का म्हणाल्या. "ते निघाले होते पावणेसातलाच, बूट घालून. म्हटलं, कालच्यासारखं त्या गार कट्ट्यावर मी बसणार नाही. मेहुण्यांना एक दिवस उशीर झाला तर काही परीक्षा बुडत नाही."

पत्नीने दुसरीकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

ताईंच्या डोक्यात एकदम बरंच काही आलं. ओरडावं, हसावं, शटर खाली ओढून घरी जावं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही, कारण घड्याळ पळत होतं. खिंडीतून पलीकडची शिखरं दहापर्यंतच दिसतात, मग ढग येतात. रस्ता सव्वादोन तासांचा. त्या फक्त म्हणाल्या, "बसा. वाटेत कुठेही थांबायचं नाही. वळणावर फोटो नाहीत."

"थांबणार नाही," नियंत्रक म्हणाले आणि सगळ्यात आधी गाडीत बसले.

गाडी गेल्यावर मॅनेजर पायऱ्या उतरून आला. 

"गाडी सातला उभी होती," ताई म्हणाल्या.

"होती."

"मग?"

"मग काही नाही. मालकांना सांगतो, गाडी वेळेवर होती, पाहुणे उशिरा आले." तो जरा घुटमळला. "ते कालचं सव्वासहाचं तेवढं आपल्यातच राहू द्या."

"मिनीबस?"

"त्यांची गाडी परवा नमुन्याला येणार होती. दहाला येतो म्हणाले आणि दुपारी दोनला आले. चालक म्हणाला, नकाशात जवळ दिसत होतं."

 ताई उंबऱ्यात गेल्या, कारण फोन वाजत होता. काल फोनवर असलेलेच गृहस्थ होते. घरी विचारलं होतं. किल्ला, तळं, गुहा, धबधबा, खिंड हे तर हवंच, पण मेहुण्याचा आग्रह आहे की ते जुन्या छावणीतलं संग्रहालयही बघावं.

"मेहुण्यांना म्हणावं, चार खोडा," ताई म्हणाल्या.

खिंडीवर गाडी पोहोचली तेव्हा दहाला वीस मिनिटं होती. शिखरं दिसली, साधारण पाव तास. अक्का गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, पुरे झालं, याहून जास्त काय बघायचं. मग ढग आले.  परतताना चौकीवर अडथळा आधीच वर केलेला पाहून नियंत्रक वनरक्षकाला म्हणाले, "तुम्ही किती वाजल्यापासून आहात?" वनरक्षक म्हणाला, "ते ताईंना विचारा, मला आज काहीच कळत नाहीय."

संध्याकाळी ते खोलीवर आले. अजून एक दिवस हातात होता, त्यांना गुहा बघायच्या होत्या.

"उद्या किती वाजता?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या भल्यामोठ्या निळ्या तळ्याकडे. खरं सांगून काय होतं ते आज सगळ्या गावाने उभं राहून पाहिलं होतं.

"साडेसहा," त्या म्हणाल्या.

 नियंत्रकांचे ओठ किंचित हलले, मनात वजाबाकी करणाऱ्याचे हलतात तसे.

"बरं," ते म्हणाले. "मग अक्कांना मी सहा सांगतो. त्यांना तयार व्हायला वेळ लागतो."

ते गेल्यावर ताईंनी भावाला फोन करून पावणेसात सांगितलं, काकूंना साडेसहा आणि मॅनेजरला सांगितलं की आपल्या पदरचं काही घालू नका. तो "नाही घालत" म्हणाला. तो घालणार हे ताईंनी धरून चाललं. मग शटर ओढून त्या घरी गेल्या. मामा तेलाची बाटली घेऊन वेशीच्या जिन्याने खाली उतरत होते. काट्यांना त्यांनी हात लावला नव्हता. उद्या सकाळी वेशीवरच्या घड्याळात सात वाजतील तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं कमी असतील.